पाणपोई, पाणवठा आणि हक्क : एक टिपण

पाण्याच्या संदर्भात मराठीत दोन शब्द दीर्घकाळ रूढ आहेत : पाणपोई आणि पाणवठा. पाणपोईत देणाऱ्याचे पुण्य अभिप्रेत असते. घेणाऱ्याचा अधिकार नव्हे. पाणवठ्यावर कोणी, कोठे व कोणानंतर भरावे हे जातीच्या उतरंडीने ठरत आले. ‘हक्क’ हा तिसरा शब्द या दोहोंच्या शेजारी कसा आला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कृती क्रांतिकारक होती. परंतु हौद खाजगी होता. सार्वजनिक पाणवठ्यांचा प्रश्न १९२३ च्या बोले ठरावाने ऐरणीवर आला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तेथे पाणी प्याले. डिसेंबरमधील परिषदेत त्यांनी या लढ्याचे नाते १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी जोडले. हेतू तहान भागविण्याचा नसून समता प्रस्थापित करण्याचा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तथापि त्याचा आधार समता हा नव्हता. बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा होता. समतेचा आधार १९५० मध्ये राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दिला. त्यात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट निर्देश आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी शुद्ध पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. त्याचे निकष प्रमाण, शुद्धता, अंतर आणि परवडणे हे आहेत. दलित आत्मकथने आणखी एक निकष पुढे ठेवतात : पाणी कसे मिळाले? वरून ओंजळीत ओतलेले पाणी शुद्ध असू शकते. ते हक्काचे नसते. स्वच्छतेसही हाच निकष लागू पडतो. हाताने मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ नंतर २०१३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला, हे येथे ध्यानात घ्यावे.

लकडगंजसारख्या नागरी वस्तीत पाणवठ्याची जागा नळाने घेतली आहे. जोडण्यांची मोजदाद पालिका करील. परंतु तिचे गटार कोण उपसतो व त्याला कोणत्या भांड्यातून पाणी दिले जाते, हे साहित्यानेच नोंदवावे लागेल. महाडचा प्रश्न तेथे अद्याप संपलेला नाही.