निजामुद्दीनला गाडी वेळेवर आली होती

डिसेंबरात दिल्लीत धुकं उतरलं की गाड्या दोन-दोन, चार-चार तास लेट होतात, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. मी त्यावरच विसंबलो. आई साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने येत होती. बायको ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेलेली, सहा वर्षांच्या मुलीजवळ घरचं कोणीतरी हवं म्हणून मीच आईला बोलावून घेतलं होतं. सकाळी निजामुद्दीनला पोहोचायचं तर द्वारकेतल्या घरून साडेपाचला निघणं भाग होतं. मी आडवा झालो पावणेचारला. ऑनलाइन गेममधल्या आमच्या गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या गटाची, रेड (सगळ्यांनी मिळून करायची मोठी मोहीम) रात्री साडेबाराला सुरू झाली होती आणि शेवटचा बॉस काही केल्या पडत नव्हता. गजर कधी बंद केला ते आठवत नाही. "बाबा, आजीचा फोन," म्हणत मुलीने हलवलं तेव्हा सव्वासात वाजले होते.

मुलीला स्वेटर चढवून तसाच टॅक्सीने निघालो. आई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसली होती, डोक्यावरून शाल, मांडीवर पिशवी. पिशवीत कंदी पेढे आणि ज्वारीचं पीठ. पिशवी घेताना तिच्या बोटांचा गारठा माझ्या हाताला लागला. ती रागावली नाही. "आज गाडी वेळेवर आली रे," एवढंच म्हणाली, जणू चूक गाडीची होती.

त्या गेमचं नाव लिहीत नाही, कारण तो गेम वाईट नव्हता. पण नोकरी, घर आणि दिल्लीचा प्रवास सांभाळून ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळावा की नाही, असं मला ऑफिसातली तरुण मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना हीच सकाळ सांगतो.

माझं ऑफिस नोएडा सेक्टर 62 ला. ब्लू लाइनने जायला दीड तास, यायला दीड तास. जेवण झालं आणि मुलगी झोपली की दहा वाजतात. म्हणजे माझ्या हातात दिवसाला एक तास. एका तासात होईल तेवढं करायचं, या हिशेबाने मी सुरुवात केली, आणि पहिले दोन-तीन महिने तो हिशेब जमलाही. लेव्हल वाढवताना कोणी कोणासाठी थांबत नाही. गोष्ट पुढे सरकते, नवे प्रदेश उघडतात, आणि वाटतं की हा गेम आपल्याला सोयीचा आहे. खरा गेम त्यानंतर सुरू होतो. रेडमध्ये ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं लागतात. 2004 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला तेव्हा मोठ्या रेडला 40 जण लागायचे. आजही त्यातल्या सर्वांत अवघड रेडला बरोबर 20 लागतात. त्यातला एक उठला की बाकीच्यांची रात्र वाया जाते.

आता घड्याळाचं बघा, कारण आपल्याकडच्या माणसाला खरी अडचण इथेच येते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' काय किंवा 'फायनल फँटसी 14' काय, दोन्हींचे सर्व्हर भारतात नाहीत, आणि रेड ठरते ती तिथल्या लोकांच्या संध्याकाळी. जपानच्या सर्व्हरवर गेलात तर तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेपाच. तुम्ही अजून ऑफिसात. युरोपला गेलात तर जर्मनीतले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा. ते मी जमवलं होतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास मागे जातात आणि तेच आठ आपल्याकडे साडेबारा होतात. त्यांची संध्याकाळ होती तिथेच राहते, आपली मध्यरात्र उलटते. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे असंच चालतं, म्हणजे नेमका दिल्लीचा सगळा हिवाळा.

मग मी सोडलं का नाही? कारण मी हीलर, म्हणजे लढाईत साथीदारांना बरं करणारा, होतो. बाकीच्यांचा जीव माझ्या बोटांवर, आणि मी नसलो तर दुसरा हीलर शोधावा लागे. ती माणसं चांगली होती. मुलगी तापाने फणफणली तेव्हा पोलंडमधला एक जण दोन दिवस विचारपूस करत होता. दिल्लीत स्वतःच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं ठाऊक नसलेल्या माणसाला ही आपुलकी फार मोलाची वाटते, आणि ती खरीही असते. म्हणूनच "फक्त गेम आहे, बंद कर" असं कोणी म्हटलं की मला पटायचं नाही. मी दिलेला शब्द पाळत होतो. फक्त तो शब्द मी माझ्याकडे नसलेल्या वेळेच्या भरवशावर दिला होता.

वेळ कमी असेल तर माझं सांगणं असं: पहिल्याच आठवड्यात, खेळ ऐन रंगात असताना मुद्दाम उठून पाहा. दाराची बेल वाजली असं समजा. तुमच्या उठण्याने कोणाचं नुकसान झालं नाही, तर गेम तुमच्यासारख्याला चालेल. झालं, तर तो कितीही सुंदर असो, आत्ता तुमचा नाही. टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा) किंवा हीलर होऊ नका. मारा करणाऱ्यांत एकाच्या जागी दुसरा सहज मिळतो. महिन्याची वर्गणी असेल तर "पैसे भरलेत, वसूल करू" हा विचार रात्री अकरानंतर फार जोर धरतो, हे आधीच ओळखून ठेवा. आणि मोबाइलवरचे गेम छोटे म्हणून सोपे, असंही समजू नका. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये रोजची कामं चारच असतात, पण दर 8 मिनिटांनी एक या गतीने भरत जाणारं रेझिन (बक्षिसं मिळवायला खर्चावी लागणारी ऊर्जा) काठोकाठ भरलं की पुढचं वाया जातं, आणि मेट्रोत उभ्या-उभ्याही ते डोक्यात घोळत राहतं.

मी आता 'गिल्ड वॉर्स 2' खेळतो. 2012 पासून त्यात शेवटची लेव्हल 80 च आहे आणि महिन्याची वर्गणी नाही. दोन महिने फिरकलो नाही तरी माझं पात्र सोडलं होतं तिथेच, तेवढ्याच ताकदीचं सापडतं. त्यातही रेड आहेत. मी जात नाही.

एक गंभीर गोष्ट. खेळ आवरता येत नाही, त्यापुढे झोप, नोकरी, माणसं मागे पडतात आणि नुकसान दिसूनही हात थांबत नाही, असं साधारण वर्षभर चाललं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलं आहे. दिल्लीत एम्समध्ये अशा सवयींसाठी वेगळं क्लिनिक आहे. माझी गोष्ट तिथवर गेली नाही. तुमची किंवा तुमच्या भावाची जात असेल, तर लाज न बाळगता जा.

आई आता दर हिवाळ्यात येते. आदल्या रात्री मी दहाला झोपतो आणि गाडी लेट दाखवत असली तरी वेळेवर स्टेशनवर जाऊन थांबतो. तुम्ही कुठल्या गिल्डमध्ये जाणार असाल, तर रेड आपल्या घड्याळात किती वाजता आहे ते आधी विचारा. आणि नोव्हेंबरात किती वाजता, तेही विचारा.