घर सासूबाईंच्या नावावर, मग सुनेचा हक्क काय?

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीमुळे चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आलेल्या एका वाचक भगिनीला सासूबाई सांगतात, ‘घर माझं आहे, परत येऊ नकोस.’ घटस्फोट झालेला नसताना काही मागता येईल का, असं त्या विचारतात.

उत्तर : नक्की येईल. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करायला घटस्फोटाची गरज नाही. माहेर ज्या हद्दीत येतं तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो देता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी अर्जासोबतच करावी.

राहिला प्रश्न घराचा. सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं, की सून जिथं नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती तिथल्या निवासाचा हक्क मागू शकते.

मुलाचा तात्पुरता ताबाही याच अर्जात मागता येतो. हिंदू कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. अंतिम कसोटी मात्र मुलाच्या हिताची.

पुराव्याबाबत एक कळकळीची विनंती. अनेक जणी दवाखान्यात ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असं सांगतात. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे कोर्टात तेच वाचून दाखवलं जातं. डॉक्टरांना खरं कारण सांगावं, केसपेपर जपून ठेवावा.

वकिलाच्या फीची चिंता नको. उत्पन्न कितीही असो, महिलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा.