शंभरातले पंचेचाळीस पैसे

प्रश्न : आमच्याकडे पारावर वाद झाला. एकजण म्हणाला, साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळ्यावर आपण जीएसटी भरतो, मग त्यातला वाटा ग्रामपंचायतीला का नाही? मुंबई महापालिकेला तर दरमहा पैसे जातात म्हणे. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्याला पेसाचा पाच टक्के निधी येतो, तो त्यातलाच. कोण बरोबर? आणि सरकारने कराचा कायदा बदलला, तर गावाच्या पैशात काही फरक पडतो का?
(एक वाचक, चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार)

उत्तर : दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, म्हणूनच वाद मिटला नसणार. आपण साबणापासूनच सुरुवात करू.

तुम्ही नवापूरच्या दुकानातून साबणाची वडी घेतलीत. किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्याचे दोन सारखे भाग होतात, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. तिसरा भाग नाही. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, कुणाचंच नाव या वाटणीत नाही. राज्य म्हणजे कोणतं, हे मात्र दुकान कुठे आहे त्यावर ठरतं. तुमचा भाग सीमेवरचा, म्हणून मुद्दाम सांगतो. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे तुम्हाला नवं नाही. चिंचपाड्याहून सुरतेकडच्या गाडीत बसून तोच साबण सोनगडच्या दुकानातून हातोहात घेतलात, तर राज्याचा भाग गुजरातच्या तिजोरीत जातो. वडी तुमच्याच न्हाणीघरात झिजते, कर मात्र गांधीनगरला पोचतो.

दुसरं उदाहरण नवापूरच्या तूरडाळीचं. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ही डाळ दुकानदाराने पोत्यातून सुटी मोजून दिली, तर तिच्यावर जीएसटी नाही. तीच डाळ पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पिशवीत बंद झाली, की जुलै २०२२ पासून पाच टक्के लागतो. हा बदल चंदीगडला जीएसटी परिषदेत ठरला. त्या परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. नवापूरची नगरपरिषद किंवा तुमची ग्रामसभा तिथे नाही.

मग मुंबईला पैसे का जातात?

याची गोष्ट जकातीपासून सुरू होते. शहराच्या वेशीवर नाका असायचा, आत येणाऱ्या मालावर तिथे कर घेतला जायचा आणि तो पैसा थेट शहराचा असायचा. राज्यात हे नाके टप्प्याटप्प्याने उठले. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारी अनुदान आलं. महापालिकांमध्ये २०१० पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, येऊ लागला. व्यापाऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात मात्र जीएसटी येईपर्यंत, म्हणजे जून २०१७ अखेरपर्यंत चालू राहिली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाकेही गेले, एलबीटीही गेला. महापालिकांचं मोठं उत्पन्न एका रात्रीत थांबणार होतं. म्हणून विधिमंडळाने त्याच वर्षी स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं, त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ धरायची आणि ती रक्कम राज्याने द्यायची. ५ जुलै २०१७ ला मुंबई महापालिकेला पहिला धनादेश मिळाला, ६४७.३४ कोटी रुपयांचा. तुमच्या मित्राने ऐकलेले ‘दरमहाचे पैसे’ ते हेच.

पण हा जीएसटीतला वाटा नव्हे, भरपाई आहे. ज्याची दुभती गाय नेली, त्याला गायीची किंमत मिळाली. ग्रामपंचायतीच्या गोठ्यात ही गाय नव्हतीच, त्यामुळे किंमतही नाही. गाय गेलेल्यांचंही सगळं भलं झालं असं समजू नका. पूर्वी जकातीचा दर काय असावा यावर महापालिकेत भांडण व्हायचं, आता तिथे बोलण्यासारखं काही उरलं नाही. दूध मिळतं, पण धार दुसराच काढतो.

ग्रामपंचायतीचं स्वतःचं असं काय?

आहे, आणि ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये लिहिलेलं आहे. हे कलम एकदा वाचाच, जुनं खेडेगाव डोळ्यांपुढे उभं राहतं. घरं आणि जमिनीवरचा कर, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि सफाईसाठीची आकारणी, यात्रेकरूंवरचा कर, सायकल आणि बैलगाडीवरचा कर, गुरांच्या बाजारातल्या दलालीवरचा कर, आठवडे बाजाराची फी. यादी लांबलचक आहे, पण हाताला लागते ती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी.

घरपट्टीचे नियमही राज्य सरकारच करतं. पूर्वी ती बांधकामाच्या क्षेत्रफळावर बसायची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर बसू लागली. म्हणजे घर किती चौरस फुटांचं एवढंच न पाहता ते कसलं बांधलेलं आहे, किती जुनं आहे, जमिनीचा सरकारी दर काय, हेही पाहायचं. किमान आणि कमाल दर सरकारने ठरवले, त्यांच्या मधला दर ग्रामपंचायतीने ठरवायचा. कराचा कायदा बदलला तर गावाला फरक पडतो का, या तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर तुमच्या घरपट्टीच्या, म्हणजे नमुना ८ च्या, उताऱ्यावर आहे.

राज्याच्या काही करांचा थोडा अंशही गावाकडे वळतो. जमीन-घराच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार जिल्हा परिषदेच्या नावाने घेतला जातो आणि त्यातला हिस्सा ग्रामपंचायतींना मिळतो. मोठ्या शहरांभोवतालच्या गावांना याचा चांगला आधार असतो. नवापूर तालुका मात्र पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. ते योग्यच आहे. पण जिथे जमिनीचे सौदे कमी, तिथे हा अधिभारही कमीच, हे ओघानेच आलं.

मग ‘वरून निधी आला’ म्हणतात तो कुठून?

तीन वाटा ध्यानात ठेवा.

पहिली वाट केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना अनुदान दिलं, त्यातले साठ टक्के बांधलेले ठेवले. बांधलेले म्हणजे निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पाण्यासाठीच खर्च करायचे. उरलेले चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारावर आणि कार्यालयीन खर्चावर नाहीत. महाराष्ट्रात या पैशातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला, आणि दहा-दहा टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी झाली.

दुसरी वाट रोजगार हमीची, आणि ती खास आपल्या राज्याची आहे. शाळेतल्या गुरुजींच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, तो व्यवसाय कर. १९७५ चा हा कायदा रोजगार हमीला पैसा उभा राहावा म्हणून आला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. या कामासाठी कर जितका जमेल, तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या नोकरदाराचा पैसा माळावरच्या बांधबंदिस्तीला लावायचा, हा त्यामागचा विचार. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ झाला. माफी चांगली की वाईट हा वेगळा वाद, पण कर सुटला की त्या पेटीत पडणारी रक्कमही तेवढी कमी होते.

तिसरी वाट तुमच्या दुसऱ्या मित्राची, पेसाची. इथे जरा थांबू.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा केंद्राचा पेसा कायदा डिसेंबर १९९६ चा, आणि महाराष्ट्राचे नियम मार्च २०१४ चे. त्याच वर्षी तत्कालीन राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने अधिसूचना काढली. आदिवासी उपयोजनेच्या रकमेतले पाच टक्के अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचे, असं तिच्यात होतं. २०१५-१६ पासून हा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात येऊ लागला. कागदोपत्री त्याचं नाव ‘पाच टक्के अबंध निधी’.

आता हिशेब मांडू. राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी साधारण नऊ टक्के आहेत, म्हणून विकास योजनांच्या खर्चातले तेवढेच टक्के आदिवासी उपयोजनेला ठेवायचे, हे धोरण १९९० च्या दशकात सुकथनकर समितीच्या अहवालापासून आलं. शंभर रुपयांचे नऊ रुपये झाले. नऊ रुपयांचे पाच टक्के म्हणजे पंचेचाळीस पैसे. राज्य विकासावर शंभर रुपये ठेवणार असेल, तर त्यातले पंचेचाळीस पैसे सगळ्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी मिळून वाटून घ्यायचे. तेरा जिल्ह्यांतली गावं, आणि त्यांत तुमचा चिंचपाडा.

म्हणजे तुमचा दुसरा मित्र ‘त्यातलाच’ म्हणाला ते इथवर खरं, की साबणातला राज्याचा भागही त्याच तिजोरीत पडतो, आणि तिजोरीतून विकासाला किती ठेवायचे त्यावर हे पंचेचाळीस पैसे ठरतात. पण तो जीएसटीचा वाटा नाही. जीएसटी वाढला म्हणून हा निधी आपोआप वाढणार नाही. विकासाच्या खर्चाला कात्री लागली, तर मात्र तो कमी होईल. कराच्या कायद्यापासून तुमच्या पाड्यापर्यंत वाट आहे, पण ती मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून वळसा घालून येते.

रक्कम लहान वाटेल. पण ती कशावर खर्च करायची, हे ठरवण्याचा अधिकार मोठा आहे. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि जंगल-पाणी-उपजीविका अशा गटांच्या चौकटीत कोणतं काम घ्यायचं हे ग्रामसभा ठरवते. पेसाच्या नियमांत पाडा किंवा वस्तीसुद्धा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची मागणी करू शकते. तसं झालं, की त्या पाड्याची ग्रामसभा वेगळी आणि कोषही वेगळा. चिंचपाडा या नावातच पाडा आहे, त्यामुळे याचं महत्त्व तुम्हाला जास्त सांगायला नको.

तेव्हा पारावरच्या वादाचा निकाल असा. पहिला मित्र, तुमचं खरं, की कर तुम्ही भरता आणि वाटणीत तुमचं नाव नाही. पण मुंबईची बरोबरी करू नका, तिचा पैसा भरपाईचा आहे. दुसरा मित्र, निधी खरा, पण तो राज्याच्या विकास खर्चातला वाटा आहे.

ग्रामसभेला जीएसटीचा दर बदलता येत नाही. पुढच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा मात्र ‘निधी आला’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. कोणत्या नावाने आला, ते विचारा. बांधलेला असेल, तर चर्चा काम नीट झालं का याची. अबंध असेल, तर चर्चा त्याच्या आधीची, कोणतं काम घ्यायचं याची. ती चर्चा ग्रामसभेतच व्हायला हवी, कारण तिथून पैसा कामाच्या ठेक्यात गेला, की मग प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो.