किराणा दुकान काढायचंय? मग आधी सुपरमार्केटमध्ये 'कोणत्या सेक्शनला' काम कराल?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की स्वतःचं मिनी मार्केट काढण्याआधी सहा महिने दुसऱ्याच्या दुकानात पगारावर काम करा. पण तिथे नेमकं कोणतं काम मागायचं, हे सांगायचं राहिलं, म्हणून हा लेख.

पुण्यात बऱ्या रस्त्यावर गाळा घ्यायचा म्हणजे डिपॉझिट, रॅक, फ्रीज, पहिला माल. घरातली अर्धी बचत दुकान उघडण्याआधीच संपते, कधी आईचे दागिनेही गहाण पडतात. चूक करायचीच असेल तर ती या पैशावर होण्याआधी, पगारावर असताना झालेली बरी. राधाकिशन दमाणींचं उदाहरण घ्या. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ मध्ये निघालं. त्याआधी १९९९ मध्ये त्यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. ते मॉडेल त्यांना पटलं नाही, पण धंदा आतून बघून झाला. आपल्याकडे फ्रँचायझीएवढे पैसे नसतात, म्हणून आपण नोकरी करायची.

आता मुद्द्यावर येऊ. बहुतेक जण बिलिंग काउंटर मागतात. एसी असतो, कपडे मळत नाहीत, 'पैसे हाताळायला शिकतो' असंही वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: बिलिंग सगळ्यात शेवटी करा. बारकोड मारणं चार दिवसांत येतं. त्यानंतर तिथे शिकण्यासारखं एकच उरतं, ते म्हणजे कोण काय काय एकत्र घेतं आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला घेतं. पगाराच्या आठवड्यात भरलेल्या ट्रॉल्या, वीस तारखेनंतर पाव किलो साखर. हे पाहायला एक महिना पुष्कळ झाला.

पहिली पसंती गोडाऊनला द्या, जिथे टेम्पोतून माल उतरतो. घाम निघतो, पोती उचलावी लागतात, पण दुकानाचा नफा तिथे ठरतो. डिस्ट्रिब्यूटरचं बिल हातात घेऊन नग मोजायचे, एमआरपी जुळवायची, एक्स्पायरी बघायची. समजा साबणावर 'बारावर एक फ्री' अशी स्कीम आहे आणि नग शंभरचा आहे. तेरा नग आले तर एक नग साधारण ९२ रुपयांना पडला. घाईत बाराच उतरवून सही केली, तर पूर्ण शंभरला पडला. दिवसाला असे दोन-तीन प्रकार झाले तरी महिन्याअखेर काय होईल, वहीत मांडून बघा. कोणती कंपनी एक्स्पायरी झालेला माल परत घेते, कोण टाळाटाळ करतं, उधारी किती दिवसांची मिळते, हेही इथेच कळतं. आणि नवा माल मागे, जुना पुढे, ही सवय इथे हाताला लागते.

दुसरा सेक्शन भाजीपाल्याचा. तिथे मन घट्ट करून जा. एक हिशोब बघा. टोमॅटोचा २० किलोचा क्रेट २५ रुपयांनी घेतला, म्हणजे ५०० रुपये. विक्री ३५ ने. कागदावर नफा २००. प्रत्यक्षात दोन किलो सडके निघाले, तीन किलो संध्याकाळी १५ रुपयांनी काढावे लागले. हातात आले ५२५ आणि ४५, म्हणजे ५७०. नफा ७० रुपये, आणि त्यातून अजून पिशवी, वीज, पोऱ्याचा पगार जायचाय. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलंय तो आपल्या दुकानात भाजी ठेवायची की नाही, हे विचारपूर्वक ठरवतो. माझं म्हणाल तर छोट्या दुकानात फक्त कांदा, बटाटा, लसूण, आलं, लिंबू ठेवा. पालेभाजीच्या नादी लागू नका. मंडई आणि हातगाडीवाले तुमच्यापेक्षा ते चांगलं करतात. जमलं तर खरेदीवाल्याबरोबर एखाद्या पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन या. भाव कसा फुटतो ते तिथेच दिसतं.

तिसरा भुसारचा. डाळी, तांदूळ, रवा निवडून पाकिटं भरायचा विभाग. काम कंटाळवाणं आहे, पण पुण्यातल्या छोट्या दुकानाची ओळख यावरच बनते. इंद्रायणी आणि आंबेमोहोरातला फरक गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा उत्तर यायला हवं. श्रावणात साबुदाणा-भगर, गणपतीला मोदकाची पिठी, दिवाळीआधी पातळ पोहे आणि बेसन, याची मागणी किती आधी नोंदवतात ते बघून ठेवा. सदाशिव पेठेतली यादी आणि खराडीतली यादी एक नसते. खराडीत डोशाचं तयार पीठ आधी संपेल. कायद्याचंही थोडं इथे कळतं: पाकिटावर वजन, पॅकिंगची तारीख, एमआरपी, पॅक करणाऱ्याचा पत्ता लागतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आला, सुट्या मालावर नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. नवीन दुकानदाराला हे सहसा इन्स्पेक्टर आल्यावर समजतं!

डेअरी-फ्रोझनला पंधरा दिवस पुरे. लाइट गेल्यावर काय करतात तेवढं बघा. होम डिलिव्हरी मात्र, स्वतःची दुचाकी असेल तर, महिनाभर जरूर करा. कुठल्या सोसायटीत काय जातं हे दारात उभं राहूनच समजतं.

मुलाखतीला गेलात की मॅनेजरला सरळ सांगा, "सर, मला रिसीव्हिंगला टाका, नंतर सेक्शन बदलून द्या." गोडाऊनला माणूस टिकत नाही, त्यामुळे सहसा नाही म्हणत नाहीत. मोठ्या चेनमध्ये एकाच सेक्शनला अडकण्याची शक्यता जास्त. दोन-तीन हजार चौरस फुटांचं स्थानिक सुपरमार्केट असेल तर सहा महिन्यांत सगळीकडे हात लागतो, भले पगार हजार-दोन हजाराने कमी मिळो.

एक पथ्य पाळा. मालकाचे खरेदीदर, सप्लायरची यादी मोबाइलमध्ये फोटो काढून आणायची नाही. मार्केट यार्डात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि उद्या उधारी तुम्हालाही तिथेच मागायची आहे. रोज रात्री घरी येऊन वहीत पाच ओळी लिहा: आज काय संपलं, काय पडून राहिलं, काय फेकलं. पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून पहिल्या महिन्याच्या मालाची यादी कशी काढायची ते दाखवतो.