निशिगंधाचं ‘नशिगिंध’ झालं तेव्हा

मुदखेडला मोगरा आणि काकडा कळीतच तोडतात, त्यामुळं आमच्या तालुक्याचा दिवस अंधारात सुरू होतो. उजाडायच्या आत फुलं नांदेडला अडतीवर पोचतात आणि शेतकरी विचारतो ती एकच गोष्ट, पट्टी. किती किलो, काय भाव, हमाली-अडत कापून हाती किती. माझ्या मामाची तिथं अडत आहे. हिशेब एक्सेलमध्ये, पट्टी मात्र हातानं लिहिलेली. मामा म्हणाला, “तू ॲप बनवतोस ना? मग ही पट्टी सरळ पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जाऊ दे.”

मागणी रास्त होती. एक्सेलची फाइल शेतकऱ्याच्या फोनवर उघडत नाही, उघडली तर रकाने इकडचे तिकडे होतात. पीडीएफ सगळीकडे सारखी दिसते. एक मोफत लायब्ररी घेतली आणि आठवड्यात काम उरकलं. चाचणीला फुलं घेतली मोगरा, काकडा, गुलाब. गावं घेतली मुदखेड, बारड, मुगट. सगळं स्वच्छ उमटलं. मामानं चहा पाजला.

पहिल्याच सकाळी फोन सुरू झाले. निशिगंधाच्या पट्टीवर ‘नशिगिंध’ छापलं होतं. रोही पिंपळगावच्या एका काकांनी विचारलं, “माझं गाव कुठं गेलं बा?” पिंपळगावातली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्या ‘प’ला चिकटली होती. ज्ञानेश्वर नावाच्या गड्याचा ‘ज्ञ’ सुटा होऊन पाय मोडलेला ‘ज’ आणि शेजारी ‘ञ’ असा पडला होता. आकडे पैशापैशानं बरोबर होते. पण नाव चुकलेली पट्टी बँकेत कोण धरणार? त्या दिवशी सगळ्या पट्ट्या मामानं पुन्हा हातानं लिहिल्या. तेव्हापासून माझा फोन उचलला की तो म्हणतो, “बोल नशिगिंध.”

चूक कुठं झाली ते कळायला मला दोन दिवस लागले. युनिकोडमध्ये ‘नि’ साठवताना आधी ‘न’ येतो, मग वेलांटी. आपण बोलतो त्या क्रमानं. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षराचा आकारच बदलतो. ही मांडामांड करणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. अँड्रॉइडमध्ये तो हार्फबझ नावाचा आहे आणि तो आपलं काम चोख करतो. माझी लायब्ररी त्याला विचारतच नव्हती. एकामागून एक चिन्ह उचलायचं आणि पानावर ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक. इंग्रजीला तेवढं पुरतं. मोगरा, काकडा, गुलाबालाही पुरलं, कारण त्यांत ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. ॲपच्या पडद्यावर निशिगंध बरोबर दिसत होता, कारण पडदा अँड्रॉइड रंगवत होता. पीडीएफ उघडून मी वाचलीच नव्हती.

मग मी दुसरा शहाणपणा केला. वेलांटी स्वतःच अक्षराच्या आधी सरकवणारा कोड लिहिला. निशिगंध सुधारला, तर ‘स्थिती’ बिघडली, कारण तिथं वेलांटी पूर्ण ‘स्थ’च्या आधी जायला हवी. ते सुधारलं तर ‘कार्तिक’ आडवा आला. दोन रात्री गेल्या. हा खड्डा खणू नका, तो भरत नाही. अँड्रॉइड ४.४ पासून फोनमध्येच पीडीएफ बनवायची सोय आहे. पडद्यावर काढतो तसंच पानावर काढायचं. एका इंचाला ७२ पॉइंट, म्हणजे ए-४ पान ५९५ बाय ८४२. मजकूर फोनलाच काढू दिला आणि वेलांट्या जागेवर गेल्या. तक्ते गुंतागुंतीचे असतील तर एचटीएमएल पान बनवून ते वेबव्ह्यूमधून छपाईला पाठवणं आणखी सोपं. त्यात पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात.

एवढ्यावर निभावलं नाही. मामानं जुन्या गिऱ्हाइकांची यादी दिली, तहसीलजवळच्या टायपिंगवाल्याकडून कधीकाळी करून घेतलेली. फोनवर उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. ‘मुदखेड’च्या जागी ई, क्यू, एन, चौकटी कंस, के, एस आणि मोठा एम. फाइल बिघडलेली नव्हती, ती कृतिदेवमध्ये होती. या जुन्या फॉन्टांत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फक्त त्याचं चित्र मराठी काढलेलं. चौकटी कंस म्हणजे अर्धा ‘ख’, त्यापुढचा के म्हणजे काना, दोन्ही मिळून पूर्ण ‘ख’. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. अशा फाइलचं आधी युनिकोड करावं लागतं, मग पीडीएफ. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. कृतिदेवचा श्रीलिपीला चालत नाही. यंत्रानं बदललं तरी नावं माणसानं वाचावी लागतात. आम्ही ती यादी अडतीवरच्या मुनीमजींकडून मोठ्यानं वाचून घेतली.

कंटाळून मध्येच एक सोपी वाट धरली होती: फाइल इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेला पाठवायची, पीडीएफ परत घ्यायची. मामानं विचारलं, “हे कागद जातात कुठं?” मला उत्तर देता येईना. यादीत शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती होती. २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण तो नसता तरी हा प्रश्न योग्यच होता. फोनमध्ये होणारं काम फोनमध्येच करा. पहाटे शेतात रेंज नसते, तेव्हाही ते चालतं. जड वर्ड फाइल बदलायचीच असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर लिब्रेऑफिस बसवा, आणि तिथं देवनागरी फॉन्ट टाकलाय का ते पाहा. नाहीतर पानभर चौकोनच येतात.

लायब्ररी निवडताना परवाना वाचा, हेही जाता जाता. काही ‘मोफत’ परवाने तुमचा सगळा कोड खुला करायला लावतात.

आता माझ्या टेबलासमोर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. निशिगंध, रोही पिंपळगाव, ज्ञानेश्वर, कार्तिक, स्थिती, कृष्णा, आणि शेवटी रुपयाचं चिन्ह, कारण ते २०१० चं आहे आणि त्याआधीच्या फॉन्टांत सापडत नाही. नवी आवृत्ती निघाली की या शब्दांची पट्टी बनवतो आणि ती माझ्या फोनवर न बघता मामाच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर पाठवतो. मामा एकेक नाव वाचतो, मी ऐकतो.