गारा कोणाच्या शेतावर पडतात?

गेल्या फाल्गुनात वर्गात पर्जन्याचा पाठ चालू असता एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, गारा पापी माणसांच्याच शेतावर पडतात काय?” काही मुले हसली; परंतु त्याच्या घरचा हरभरा दोनच दिवसांपूर्वी गारांनी झोडपला असून शेजारचे शेत मात्र वाचले आहे, असे कळताच ते हसू मावळले. त्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

प्रथम गार कशी बनते ते पाहू. उन्हाळ्याच्या तोंडी जमीन तापते व तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात समुद्रावरून आलेले बाष्प असले आणि उंचावर थंड वारे वाहत असले, म्हणजे प्रचंड मेघ उभा राहतो. त्याच्या वरच्या भागात शून्य अंशाखालीही पाण्याचे थेंब द्रवरूपच असतात. ते हिमकणाला लागताच गोठतात. खालून येणारा वारा त्या कणाला तोलून धरतो व थरावर थर चढत जातो. वजन वाऱ्याला पेलेनासे झाले की गार खाली येते. मोठी गार मधोमध कापली असता पुष्कळदा तिच्यात कांद्यासारखे थर दिसतात. असा मेघ पुढे सरकत असता गारांचा मारा बहुधा अरुंद पट्ट्यात होतो. म्हणून एक शेत उद्ध्वस्त होते व बांधापलीकडचे वाचते. गारेला शेताचा धनी ठाऊक नसतो.

सन २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र या भागांत वारंवार गारपीट झाली. गहू, ज्वारी, हरभरा ही पिके काढणीस आली होती. द्राक्षे घडांनी लगडली होती. तोंडाशी आलेला घास गेला. शिवाय फळझाडांच्या फांद्या मोडल्याने पुढील हंगामालाही धक्का बसला.

एका गारपिटीवरून हवामान पालटले असे म्हणणे शास्त्रास धरून नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पावसाच्या तशा नोंदी आहेत. पुणे येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि मोसमी पावसाची एकंदर सरासरी मात्र घटली. याचे एक कारण असे की, हवेचे तापमान एक अंशाने वाढले असता तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. ही उष्णता मुख्यत्वे मनुष्याने जाळलेल्या कोळशाच्या व खनिज तेलाच्या धुरातील वायूंमुळे वाढली आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. शिलोहातील बुरूज कोसळून जे मेले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा ज्याचे पीक गेले त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस नाही. धूर करणारे पुष्कळदा दूर असतात आणि नुकसान सोसणारा भलताच असतो. हा न्याय देवाचा नव्हे, तो आपला अन्याय आहे.

पालकांस व मुलांस एवढीच विनंती. पीकविमा उतरविला असल्यास गारपिटीची वर्दी ७२ तासांच्या आत द्यावी. घरातील शिकलेल्या मुलाने ते काम अंगावर घ्यावे. मेघगर्जना ऐकू येताच शेत सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली कदापि उभे राहू नये. आणि शेजाऱ्याचे पीक आडवे झाले असता, त्याचे काय चुकले हे न विचारता, हाती विळा घेऊन उरलेसुरले गोळा करण्यास त्याच्या शेतात जावे.