इ-मेल खाते : प्रवेशाची रीत आणि किल्लीची राखण

आवक-जावक नोंदवही हा कोणत्याही कार्यालयाचा कणा होय. कोणते पत्र केव्हा आले व त्यावर काय कार्यवाही झाली, हे तिच्यावरून कळते. आज परिपत्रके, बैठकीच्या सूचना आणि माहिती मागविणारी पत्रे इ-मेलनेही येतात. ही टपालपेटी ज्याला उघडता येत नाही, त्याच्या दृष्टीने आलेले पत्र न आल्यासारखेच असते. म्हणून पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी खात्यात प्रवेश करण्याची रीत स्वतः शिकून घेणे अगत्याचे आहे.

सोय आणि धोका

जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांमध्ये पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केला. व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी निवडलेले 'ॲट' हे चिन्ह आजही प्रत्येक पत्त्यात असते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढल्याच वर्षी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही सेवा आणली. जीमेल २००४ साली आले.

या सेवांमध्ये पत्रे आपल्या संगणकात नव्हे, तर सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकांवर साठविली जातात. त्यामुळे गावातून, तालुक्याहून किंवा मोबाइलवरून तेच खाते उघडता येते. परंतु ज्याच्या हाती पासवर्ड पडला, त्यालाही ते कोठूनही उघडता येते. सोय आणि धोका यांचे मूळ असे एकच आहे.

प्रवेशाच्या पायऱ्या

जीमेलचे उदाहरण घेऊ. प्रथम ब्राउझर उघडून जीमेलचे पान काढावे व 'साइन इन' या शब्दांवर क्लिक करावे. समोर आलेल्या चौकटीत आपला पत्ता लिहावा. पत्त्यात मोकळी जागा सोडू नये. त्यानंतर 'पुढील' हे बटण दाबावे.

दुसऱ्या चौकटीत पासवर्ड, म्हणजेच परवलीचा शब्द, लिहावयाचा असतो. पत्ता लिहिताना इंग्रजी अक्षरे मोठी की लहान याने फरक पडत नाही. पासवर्डमध्ये मात्र पडतो. लिहिलेली अक्षरे ठिपक्यांच्या रूपात दिसतात, हा दोष नसून संरक्षण आहे. प्रवेश न मिळाल्यास कळफलकावरील मोठ्या अक्षरांची कळ चालू राहिली आहे काय आणि भाषा इंग्रजी आहे काय, हे प्रथम पाहावे.

तिसरी पायरी दुहेरी पडताळणीची. ती चालू असल्यास नोंदविलेल्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक किंवा संमतीची विचारणा येते. यामुळे केवळ पासवर्ड चोरणाऱ्यास आत शिरणे अवघड होते. म्हणून ती प्रत्येक खात्यात चालू करावी आणि आलेला क्रमांक कोणासही सांगू नये. आपण प्रवेश करीत नसताना संमती विचारली गेली, तर 'नाही' असेच उत्तर द्यावे व पासवर्ड त्वरित बदलावा.

खोटे दार ओळखणे

'खाते बंद होणार आहे, येथे क्लिक करा' अशा मजकुराची पत्रे येतात. त्यातील दुव्याने उघडणारे पान खऱ्यासारखेच दिसते; परंतु तेथे लिहिलेला पासवर्ड थेट चोराकडे जातो. म्हणून पत्रातील दुव्यावरून कधीही प्रवेश करू नये. पान स्वतः उघडावे व वरच्या पट्टीतील पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

किल्ली कार्यालयाची

सार्वजनिक किंवा सामाईक संगणकावर खिडकी बंद केल्याने खाते बंद होत नाही. 'साइन आउट' करावे आणि ब्राउझरने पासवर्ड जतन करू का, असे विचारल्यास नकार द्यावा.

सर्वांत दुर्लक्षित बाब पुढेच आहे. शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे खाते उघडताना एखाद्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक नोंदविला जातो. त्याची बदली झाली की पासवर्ड बदलावयाचा सांकेतिक क्रमांक त्याच्याच मोबाइलवर जातो. कार्यालयाची टपालपेटी कार्यालयालाच बंद होते आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसंबंधीचे पत्र मुदत संपेपर्यंत न वाचलेले राहू शकते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल आपल्या धोरणानुसार काढून टाकू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

यावर उपाय साधा आहे. कार्यालयाच्या ताब्यातील मोबाइल क्रमांक नोंदवावा. कार्यभार देताना-घेताना शिक्के, रोखवही व किल्ल्या यांच्याबरोबर इ-मेल खात्याचीही नोंद करावी आणि नव्या व्यक्तीने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. शासकीय सेवेचे खाते उपलब्ध असल्यास शासकीय काम त्यावरूनच करावे. टपालपेटी रोज उघडली गेली आणि तिची किल्ली योग्य हाती राहिली, तरच गावाकडे निघालेले पत्र गावाला मिळेल.